हिरव्या सिग्नलला थांबलेली मालगाडी

शाहूपुरीतल्या चौकातला सिग्नल बंद पडला की वाहनं जमेल तशी घुसतात आणि निघून जातात. अण्णा थांबत. दिवा विझलेला, पोलीस नाही, चारी बाजूंनी गाड्या चाललेल्या, आणि हे आपली जुनी स्कूटर पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे उभी करून, दोन्ही पाय जमिनीला टेकवून त्या विझलेल्या दिव्याकडे बघत बसलेले. एकदा मी त्यांच्या मागे बसलो होतो. आमच्या मागचा टेम्पोवाला हॉर्न वाजवून थकला आणि खाली उतरून आला.

"पावणं, सिग्नल बंद हाय. चला की."

अण्णा त्याच्याकडे न बघता म्हणाले, "इझलेला सिग्नल म्हंजे लाल."

हे गृहस्थ बरे आहेत ना, असं टेम्पोवाल्याने मला डोळ्यांनीच विचारलं. मी मान खाली घातली. शेवटी कोपऱ्यावर चहा पीत उभ्या असलेल्या पोलिसाने पेला खाली ठेवून हात दाखवला, तेव्हा आमची स्कूटर हलली. पोलिसाने हात दाखवला म्हणजे परवानगी मिळाली, आता जायला हरकत नाही, असं त्यांनी पुढच्या वळणावर मला शांतपणे समजावून सांगितलं.

रेल्वेत त्यांनी एक दिवसही नोकरी केलेली नव्हती. शाहूपुरीत त्यांच्या घरची गुळाची अडत. घरातले थोरले म्हणून ते अण्णा. सगळी पेठ त्यांना तेच म्हणायची, मीही. कपाळाला विभूती, अंगात पांढरा शर्ट, खिशात चष्मा आणि अडकित्ता. सुपारी सोडून बरीच वर्षं झाली होती, अडकित्ता मात्र कधी खिशातून गेला नाही. लग्न केलं नाही. वडील गेल्यावर वाटणीची वेळ आली तेव्हा दुकान, घर, कसबा बावड्याकडचं रान, सगळं त्यांनी धाकट्या भावाच्या नावावर करून दिलं आणि स्वतःसाठी फक्त गोदामावरचा माळा मागितला. तोही तोंडी. भाऊ असताना कागद कशाला, असं म्हणाले म्हणे.

त्या माळ्यावर त्यांनी कोल्हापूरहून कोकणात उतरणारी रेल्वे बांधली.

ही रेल्वे होणार, होणार, असं मी शाळेत असल्यापासून ऐकतो आहे. माझे विद्यार्थीही तेच ऐकतात. अण्णांनी वाट बघायचं सोडून दिलं आणि प्लायवूड आणलं. माळ्याच्या एका टोकाला कोल्हापूर, दुसऱ्या टोकाला समुद्राच्या रंगाची एक फळी, आणि मधे रद्दी, खळ आणि रंग यांतून उभा केलेला सह्याद्री. घाटात बोगदा होता. घाटाच्या अलीकडे, कोल्हापूरच्या बाजूला एक स्टेशन होतं, तिथे रूळ दुहेरी होत आणि दोन गाड्या एकमेकींना वाट देत. गाडी जवळ आली की फाटक आपोआप पडायचं, घंटा वाजायची, आणि मालधक्क्यावर एक बोटभर उंचीची क्रेन सुपारीएवढी गुळाची ढेप उचलून वाघिणीत, म्हणजे मालडब्यात ठेवायची. धाकटे भाऊ, ज्यांना सगळे तात्या म्हणत, गिऱ्हाइकाला सांगायचे, "कोकणात रेल्वे सरकारला नेता आली न्हाय. आमच्या अण्णानं माळ्यावरनं नेली."

मी डिप्लोमाच्या मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. एके दिवशी कापडी पिशवीत जळका ट्रान्सफॉर्मर घेऊन अण्णा आमच्या कॉलेजात आले आणि स्टाफरूमच्या दारात उभे राहून त्यांनी मोठ्याने विचारलं, "सिग्नल खोटं बोलणार न्हाय असं वायरिंग हितं कोण करतंय?" सगळे हसले. मी हात वर केला. का केला, ते मला अजून सांगता येत नाही. मला लहानपणापासून अशी सवय आहे; शेजारच्या घरात भांडं पडलं तरी माझाच धक्का लागला असं वाटायचं.

पहिलं वायरिंग मी सोपं केलं. पुढच्या रुळावर गाडी आली की तारेतून वीज जाणार आणि लाल दिवा लागणार, नाहीतर हिरवा. अण्णांनी ते निवांत बघितलं, छान म्हणाले, खिशातून अडकित्ता काढला आणि माझी एक तार कच्चकन तोडली. मग गाडी पुढे ढकलली. सिग्नल हिरवाच राहिला.

"आता?" ते म्हणाले.

मी म्हणालो, "अण्णा, तार तोडल्यावर लाल कसा लागेल?"

"उंदरानं तार खाल्ली तर तुमचा सिग्नल हिरवा दावणार. मानसं मारणार तुमी, सर."

गाडीतली माणसं प्लॅस्टिकची होती. तरीही त्या दिवशी घरी गेल्यावर माझं जेवणात लक्ष लागलं नाही. मी सगळं उलटं करून टाकलं. वीज असेल तोवरच हिरवा. तार तुटली, जोड निसटला, काहीही बिघडलं की लाल. अण्णांना ते पटलं, पण अडकित्ता थांबला नाही. मी फळीखाली उताणा पडून तारांच्या जोडांना डाग देत असायचो आणि वर अडकित्ता उघडल्याचा आवाज यायचा. कुठली तार, ते सांगायचे नाहीत. कच्च. मग वरून, "लाल झाला. चालू द्या." इतकी वर्षं परीक्षा घेतो आहे, पण परीक्षा देणं कसं असतं ते मी त्या फळीखाली परत शिकलो.

त्यांचा दुसरा नियम याहून कडक होता. चुकीचा सिग्नल ज्याला दिसेल त्याने त्याच क्षणी मोठ्याने सांगायचं. तो कोणीही असो, समोर काहीही चाललेलं असो. "बगितलं आन गप बसला, त्यो डायवरपरास मोठा गुन्हेगार," असं ते म्हणत. एकदा त्यांच्या आईच्या वर्षश्राद्धाला आलेले स्वामी माळा बघायला वर आले होते. स्वामी बोलत असताना मला फाटकाजवळचा दिवा चुकीचा दिसला. मी गप्प राहिलो. स्वामी गेल्यावर अण्णांनी तो बघितला, माझ्याकडेही बघितलं आणि नंतर बरेच दिवस मला माळ्यावर बोलावलं नाही. त्यानंतर मी कधी गप्प राहिलो नाही.

आता रिलेबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. रिले म्हणजे काडेपेटीएवढी डबी. आत एक पातं असतं. वीज असेपर्यंत ते वर ओढलेलं राहतं, वीज गेली की खाली पडतं. पातं वर असेल तर सिग्नल हिरवा आणि त्याच्या अलीकडच्या रुळात वीज चालू. पातं पडलं की सिग्नल लाल आणि रूळ बंद, म्हणजे येणारी गाडी आपोआप थांबते. हाताने थांबवायची तर टेबलाच्या कडेच्या पॅनेलवर प्रत्येक रुळाची वीज तोडायचं बटण होतं. पातं पडताना डोळ्यांनी दिसलं पाहिजे म्हणून अण्णांनी सगळ्या रिलेंची झाकणं काढून टाकायला लावली होती. गाडी सुरू करण्याआधी ते प्रत्येक पातं बोटाने वर उचलून सोडत. पडतंय का बघत.

खाली गुळाचं गोदाम होतं. दिवसभर ढेपा फोडून, बोटांनी चिवडून भाव ठरायचा. म्हणून जिन्याच्या तळाशी पाण्याची बादली आणि साबण ठेवलेला असे, आणि हात धुतल्याशिवाय माळ्यावर कोणी यायचं नाही. मुंग्यांसाठी टेबलांचे पाय पाण्याच्या वाट्यांत उभे होते. चिकट हाताने रिलेला शिवणं म्हणजे देवघरात चपला घालून जाणं.

तात्यांचा मुलगा शिकून आला आणि त्याला ऑफिस हवं झालं. काचेचा दरवाजा, एसी, संगणक; गुळाचा धंदा आता तसाच चालतो, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. त्याच्या डोळ्यांसमोर माळा होता. घरात बोलणं वाढत गेलं. तात्यांच्या पत्नी जेवताना विषय काढायच्या, मुलगा ताटावरून उठायचा, अण्णा खाली मान घालून भाकरी चुरायचे. मला हे तात्यांनीच सांगितलं. अण्णा या विषयावर एक अक्षर बोलले नाहीत, पण त्या महिन्यात त्यांनी अडकित्ता एकदाही उघडला नाही, आणि मला त्या शांततेची जास्त भीती वाटू लागली.

शेवटी तात्यांनी सगळ्यांना समोर बसवून पैज घातली. एक पूर्ण फेरी. पॅसेंजर कोल्हापूरहून निघणार, मालगाडी कोकणातून निघणार, मधल्या स्टेशनावर एकमेकींना वाट देणार आणि दोन्ही आपापल्या मुक्कामाला पोचणार. सुरू करून दिल्यावर अण्णांनी कशालाही हात लावायचा नाही. जमलं तर अण्णांचा जीव असेपर्यंत माळ्याचं नाव घरात कोणी काढायचं नाही. हात लागला तर माळा खाली करायचा.

"मंजूर हाय?" त्यांनी मुलाला विचारलं. अण्णांना विचारलंच नाही.

बाजार बंद होता त्या दिवशी दुपारी सगळे जमले. तात्यांनी सकाळीच आलेल्या गुळाची ढेप फोडून सगळ्यांच्या हातावर खडा ठेवला. चांगल्या कामाआधी तोंड गोड करायचं, ही त्या घरची रीत. मग घरातली माणसं, शेजारी, दुकानातले हमाल असे सगळे एकदम जिन्यात घुसले आणि बादलीपाशी कोणालाच थांबता आलं नाही. अण्णांनाही नाही. ते शर्टाला हात पुसत वर आले. मी ते बघितलं. वर जाऊन त्यांनी सवयीने एकेक पातं उचललं आणि सोडलं. सगळी पडली.

तात्या म्हणाले, "अण्णा, हात मागं बांधून हुबा ऱ्हा. हितं." आणि त्यांनी पॅनेलच्या पुढची जागा दाखवली. अण्णा पॅनेलकडे पाठ करून उभे राहिले. मला ते खटकलं. पॅनेलकडे पाठ करायची नाही, हे मला पहिल्या दिवशी शिकवणारा हाच माणूस. पण अट तात्यांची होती, आणि मुलगा मोबाइल काढून चित्रीकरण करत होता.

गाड्या निघाल्या. पॅसेंजरने फाटक ओलांडलं, घंटा वाजली. एका हमालाने "आयला" म्हणून तोंडावर हात ठेवला. क्रेनने ढेप उचलली आणि ठेवली. तात्यांच्या पत्नीही पुढे वाकून बघत होत्या. मालगाडी बोगद्यात शिरली. पॅसेंजर मधल्या स्टेशनात आली आणि फलाटाला लागली.

आता पातं पडायला हवं होतं. फलाटावर गाडी उभी, म्हणजे घाटाकडून शेजारच्या रुळाने येणाऱ्या मालगाडीला सिग्नल लाल. मी पात्याकडे बघत होतो. ते पडलं नाही. वीज गेलेली होती, बाजूचा छोटा दिवा विझलेला मला दिसत होता, पण पातं वरच चिकटून राहिलं होतं. गुळाचं बोट. आणि सिग्नल हिरवा.

मालगाडी बोगद्यातून बाहेर आली. अलीकडच्या रुळात वीज चालू होती. ती थांबणार नव्हती, पुढे दोन्ही रूळ एक होतात तिथे सरळ जाऊन पॅसेंजरच्या मागे उरलेल्या शेपटीत बसणार होती. मी अण्णांकडे बघितलं. ते समोर, भिंतीकडे कुठेतरी बघत होते. हात पाठीमागे.

मालगाडी हळू झाली आणि सिग्नलपाशी थांबली.

समोर बसलेल्या कोणालाच काही कळलं नाही. गाडी थांबायची होती, थांबली. पॅसेंजर निघून गेली की मालगाडी सुटणार आणि फेरी पूर्ण होणार, इतकंच उरलं होतं. तात्यांनी मांडीवर हात आपटला. मुलाने मोबाइल खाली केला.

"अण्णा," मी म्हणालो, "सिग्नल हिरवाच आहे. गाडी हिरव्याला उभी आहे."

माझा आवाज त्या माळ्यावर मोठा वाटला. सगळे माझ्याकडे बघू लागले, मग सिग्नलकडे. मुलगा उठून जवळ गेला. "व्हय की," तो म्हणाला, "हिरवाच हाय."

अण्णांनी एकदाच माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी पाठीमागचे हात सोडवले, पुढे आले, मालगाडीचं इंजिन उचललं आणि हातात धरून उभे राहिले. त्याची चाकं थोडा वेळ फिरत राहिली. "सिग्नल खोटा हाय," ते सगळ्यांना म्हणाले. "रेल्वे बंद." आणि जिना उतरून गेले.

मी तिथेच उभा राहून चिकटलेलं पातं बघत होतो, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात ते आलं. पातं पडलेलं नसताना मालगाडी थांबली कशी? ती थांबणं शक्यच नव्हतं. पॅनेलच्या बटणावर कोणाचा तरी हात असल्याशिवाय.

मी इतकी वर्षं तारा जोडतो, मला हे आधी कळायला हवं होतं. कदाचित कळलंही असेल. मी का बोललो, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. नियम होता म्हणून बोललो, हे खरं. पण भरल्या माळ्यावर फक्त मला दिसलं, याचा एक बारीक आनंदही त्या आवाजात होता. तो मला अजून ऐकू येतो.

आठ-पंधरा दिवस मी तिकडे गेलो नाही. मग न राहवून गेलो. दुकानात तात्या एकटेच होते. मी बसलो, त्यांनी चहा सांगितला. तो आल्यावर म्हणाले, "सर, येक इचारू? त्या दिवशी मी अण्णाला पॅनेलफुडंच का हुबा केला असंल?"

मी हातातला कप खाली ठेवला.

"हात मागं बांध म्हणालो. मागं काय व्हतं? समदी बटनं." त्यांनी कपातला चहा बशीत ओतला. "घरात पोराला न्हाय म्हणायची ताकद न्हवती माज्यात. म्हटलं, पैज जिकू दे. पोराचं तोंड बंद, बायकोचं बंद. अण्णानं आयुष्यात कवा लबाडी केली न्हाय, म्हणून भ्या वाटत हुतं. पर केली हो त्यानं. माज्यासाठनं केली. आन तुमी बोलला."

"मला माहीत नव्हतं, तात्या."

"तुमाला कशाला म्हाईत असंल. आमा भावाभावात बी ह्यातलं काय बोलणं झालं न्हवतं." ते बशी तोंडाला लावून थांबले. "वर हाय त्यो. जा."

मी खाली बादलीपाशी हात धुतले आणि वर गेलो. सह्याद्री निघाला होता. रद्दीचे तुकडे कोपऱ्यात लोटून ठेवले होते. रूळ काढून त्यांच्या जुड्या बांधून ठेवल्या होत्या. अण्णा जमिनीवर बसून तारा सोडवत होते. तोडत नव्हते, प्रत्येक जोड तापवून, अलगद सुटा करून. मी समोर बसलो. काय बोलायचं ते रस्ताभर ठरवून आलो होतो, त्यातलं काही आठवलं नाही. मी एवढंच म्हणालो की मला माफ करा, मी बोलायला नको होतं.

अण्णांनी हातातला जोड सुटा केला. फुंकर मारली.

"तुमी गप बसला असता," ते म्हणाले, "तर मला तुमच्याकडं बघवलं नसतं, सर. जल्मभर." मग पुढचा जोड तापवायला घेतला. "आता बोललाय. तरी बघवत न्हाय."

त्यात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

फळीखालून आलेली एक लांब तार होती, घाटाच्या सिग्नलपासून पॅनेलपर्यंतची. तिचं एक टोक त्यांनी न बघता माझ्या हातात दिलं आणि दुसऱ्या टोकाकडून ते ती कोपर आणि पंजाभोवती गुंडाळत निघाले. मी टोक धरून उभा राहिलो. गुंडाळत गुंडाळत ते माझ्यापर्यंत आले, माझ्या बोटांतून टोक काढून घेतलं, वेटोळ्यात खोचलं आणि पुढची तार सोडवायला पाठमोरे बसले.